फोन कुणाकडं द्यायचा

सिद्धलिंगचा फोन आला की गुरुसिद्धप्पा अजूनही उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जायचे. बायको ईरम्मा होती तोवर त्यांचं मुलाशी बोलणं एवढंच असायचं, "बरा हाय न्हवं? घे, अव्वाशी बोल." मग ती बोलत बसायची, निम्मं कन्नड, निम्मं मराठी. गेल्या श्रावणात ती गेली. आता दारापर्यंत जाऊन फोन कुणाकडं द्यायचा?

सिद्धलिंग कुवेतला, समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात होता. जूनमध्ये इराणच्या अणुकेंद्रांवर बाँब पडायला लागले आणि सोलापुरात नवी पेठेतल्या गुरुसिद्धप्पांच्या कापडदुकानात शेजारचा मल्लप्पा रोज बातम्या घेऊन येऊ लागला.

"अप्पा, आज अमेरिकेची विमानंबी आली की. डोंगराखालचं केंद्र फोडलं म्हणं."

"सिद्धू डोंगराखाली न्हाय."

"तसं न्हवं. इराणची एक अणुभट्टी समुद्राकाठी हाय, चालू. ती फुटली तर विष पाण्यात. आन् तुमचा पोरगा तेच पाणी पाजतोय सगळ्यांना."

"चहा पी आन् गप जा तू."

मल्लप्पा गेला. गुरुसिद्धप्पांचा स्वतःचा चहा तसाच निवला. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी आपणहून मुलाला फोन लावला.

"अप्पा? तुमी लावला? बरं हाय न्हवं?"

"बरं हाय. पाणी भरून ठेवलंय का?"

सिद्धलिंग हसला. "हितं नळाला कायम पाणी असतंय. कुणाच्या घरात कळशी सापडायची न्हाय. लोक दुकानात बाटल्यांसाठी भांडाय लागलेत. आपल्या दानेश्वरीनं मात्र बादल्या, पातेली, काव्याचा खेळायचा टब, सगळं भरलंय. शेजारीण विचारती, हे कुटं शिकलीस? म्हणली, सोलापुरात. चार-चार दिवसांनी नळ येतोय तितं, सासूनं शिकवलं."

गुरुसिद्धप्पाही हसले. पण नळ आल्यावर पदर खोचून धावणारी ईरम्मा डोळ्यांपुढं आली.

"घरी ये की रे. सुनंला, नातीला घेऊन तिघंबी या."

असं ते मुलाला कधी म्हणाले नव्हते.

"विमानं बंद हायत, अप्पा. सुरू झाली की दोघींना लावून देतो. मला न्हाय जमायचं. समुद्रात काय आलंय असं कळलं की पाणी ओढणं बंद करायचं, मग सगळ्यांनी साठ्यावरच काढायचं. म्हणून आता टाक्या काठोकाठ भरायच्यात. आमीच निघालो तर भरणार कोण?"

"बाँब टाकणारे कुटं, पाणी पिणारे कुटं. आपलं कुणाशी भांडण हाय का?"

"न्हाय की." मग हळूच, "अव्वा काय म्हणली असती?"

ईरम्मानं शपथ घालून बोलावलं असतं. हे दोघांनाही ठाऊक होतं. 'ये' हा शब्द गुरुसिद्धप्पांच्या ओठांवर आला होता.

"रडली असती," ते म्हणाले. "मग म्हणली असती, टाक्या भर आदी."

पहिलं तिचं होतं. दुसरं त्यांनी आपल्या पदरचं घातलं.

"व्हय अप्पा," सिद्धलिंग म्हणाला. "कामावर जायचंय. ठेवू का?"

"ठेवू नको. तसाच चालू खिशात राहू दे."

ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले. थोड्या वेळानं फोनमधून कारखान्यातल्या पंपांची घरघर येऊ लागली. कुणीतरी परक्या भाषेत हाक मारली, सिद्धूनं ओ दिली. मग तो खोकला.

"खोकला कधीपासनं हाय रे?" त्यांनी विचारलं.

खिशातल्या फोनला ते ऐकू जाणार नव्हतं. त्यांनी पुन्हा विचारलं.