सतराव्या पायलीला

"बाई मापायला बसली तर माझ्या आडतीवर माल कोण घालंल, मडिवाळप्पा? अख्खा गंज हसायलाय मला!"

बसलिंगप्पा आडते गादीवरून ओरडत होते आणि आमचे हे काखेत बोचकं घेऊन दारात खाली मान घालून उभे होते. मी मात्र पदर खोचून मापाड्याच्या जागेवर आधीच बसले होते. उठवून दाखवा म्हणावं आता!

लातूरच्या गंजात, अख्ख्या धान्यबाजारात, यांच्यासारखा मापाडी नव्हता. धान्याच्या ढिगातून पायली भरायची, ओतायची आणि आकडा गायचा. पुढची पायली भरेपर्यंत तोच आकडा घोळवत राहायचा, म्हणजे मोजणी चुकत नाही. पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. यांचा 'लाभ' निघाला की शेजारच्या आडतीवरची माणसंसुद्धा माना वळवायची. चैत्रात मुंबईचे एक गवईबुवा आमच्या आडत्या अप्पांकडे उतरले होते. त्यांनी तो ऐकला आणि यांना तंबोऱ्यापुढे बसवलं. गातील तर शपथ! मोकळ्या हातांनी यांच्या तोंडून सूरच फुटेना. शेवटी हातात रिकामी पायली दिली, तेव्हा गडी गायला. बुवा हसले नाहीत. म्हणाले, "दसऱ्यानंतर मुंबईला माझ्याकडे या. तीन-चार वर्षं राहावं लागेल. येताना पायली आणू नका."

तेव्हापासून यांची झोप गेली आणि माझीही. मुंबई म्हणजे निजामाच्या राज्याबाहेर, इंग्रजी मुलखात. आमच्या घरातलं कुणी बार्शीच्या पलीकडे गेलं नव्हतं. रोज म्हणायचे, "जाऊ दे गं. मापाडीपण सुटलं तर आई काय खाईल, तू काय खाशील?" आणि स्वतःच्या ताटातली भाकरी तशीच ठेवून उठायचे. मला असा राग यायचा! देवानं एवढा गळा दिलाय आणि हा बाबा माझ्या भाकरीची सबब सांगतोय. शेवटी मीच म्हटलं, "मला शिकवा. मी मापते."

सगळा श्रावण मी स्वयंपाकघरात तीच ज्वारी या डब्यातून त्या डब्यात ओतली. आत्याबाई शेजारणीला सांगत होत्या, "सून खुळी झाली."

अप्पांनी नाही-हो करत एवढंच कबूल केलं होतं: एक ढीग न चुकता मापला तर जागा आमची. चुकला तर उद्यापासून दुसरा मापाडी. आणि हे म्हणाले होते, ढीग पुरा झाल्याशिवाय मी आगगाडीत बसणार नाही.

ढीग रेणापूरचे शेतकरी शेषेराव यांचा होता. त्यांची बैलगाडी उशिरा आली, त्यात अप्पांची आरडाओरड. स्टेशनवर निघायची वेळ होत आली.

"बाईच्या हातचं माप? न्हाई बा," शेषेराव म्हणाले.

"तुमच्या घरी भाकरीचं पीठ कोण मापतं, काका?" मी विचारलं. "त्यात खोट निघती का?"

"ते घरातलं झालं."

"मंग मनात मोजा तुम्ही बी. चुकले तर तोंडावर सांगा."

"हाव. मोजतोच."

पायली ओतली. 'लाभ' म्हणायला तोंड उघडलं तर आवाज चिरकला. हमाल फिदीफिदी हसले. दारातून हे पुढं सरकले. मला न बघताच कळलं, आता हा माणूस बोचकं टाकून माझ्या हातातली पायली घेणार. घेतली असती तर संपलंच होतं सगळं. मी घाईनं दुसरी ओतली. दोन, दोन, दोन. तीन. आवाज सापडला. यांच्यासारखा नव्हता, पण माझा होता.

मोजणी चालू असताना मापाड्यानं बोलायचं नसतं. बोललं की आकडा तुटतो आणि सगळा ढीग पहिल्यापासून मापावा लागतो. हा नियम मला पाठ होता. तो किती वाईट आहे, ते सतराव्या पायलीला कळलं.

"अरे जा की लेका आता!" अप्पाच ओरडले. "गाडी सुटंल. दिसंना का तुला, मापती की ती!"

यांचे धुळीनं भरलेले पाय माझ्यासमोर येऊन थांबले. वाकून त्यांनी ढिगातले चार दाणे बरोबर न्यायला उचलले.

"शरणार्थ, रत्नम्मा," ते निरोपाचा नमस्कार करत म्हणाले.

नावानं! सगळ्यांदेखत! लग्न झाल्यापासून कधी घेतलं नव्हतं. मला सांगायचं होतं, लिंगपूजा चुकवू नका, वेळेवर जेवा, बुवांसमोर लाजू नका, इकडची फिकीर करू नका. पण तोंडात आकडा होता.

"सतरा," मी म्हटलं. "सतरा... सतरा..."

हातातली पायली काठोकाठ भरली होती, तरी मी ओतली नाही. पाय वळले. उंबरा ओलांडून गेले. मी मान वर केली नाही; केली असती तर ते परत फिरले असते. मग पायली ओतली.

"अठरा."

ढीग संपला तेव्हा गाडीची शिटी कधीच होऊन गेली होती. शेषेराव पटका झटकत उठले.

"माप बराबर हाय," ते म्हणाले. "फकस्त सतराला लई येळ लावलास, बाई."

"हाव," मी म्हटलं. "ती पायली जड होती."

अप्पांनी खाकरून हमालांना पुढची पोती सोडायला सांगितली. मी डोळे पुसले, पायली भरली आणि ओतली.

"लाभ."