समुद्राकडच्या कुंड्या

हीराबाईला त्या कुंड्या आवडत नव्हत्या असं म्हणणं म्हणजे काहीच न सांगणं. तिचा त्यांच्यावर दात होता. केनवडच्या बाजाररस्त्यावर प्रेमचंद शेठचं कापडाचं दुकान, वर घर आणि घरावर गच्ची. त्या गच्चीवर आधी पापड वाळायचे, मुगवड्या वाळायच्या, दुपार टळली की चार बाया येऊन बसायच्या. मग धाकट्या पारसचं लग्न झालं, कारंज्याची कृतिका सून होऊन आली आणि तिच्या मागोमाग काटे आले. आधी एक टोपलं आलं, मग लोखंडी मांडणी, मग मांडणीवर प्लास्टिकचं छत, कशासाठी तर पावसाचा थेंब आत पडू नये म्हणून. पावसाला भिणारं झाड हीराबाईनं जन्मात पाहिलं नव्हतं.

"घरात काटे असले का कटकटी होतात," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. आणि कटकटी होतही होत्या, रोज होत्या, काट्यांवरूनच होत्या.

साधा निवडुंग असता तरी तिनं एकवेळ गिळून घेतलं असतं. बांधावर असतोच तो. पण ही सगळी पार मेक्सिकोतली वाणं, तीही तिथल्या एकाच लांबट पट्टीतली. बी मागवून, मोहरीएवढ्या दाण्यातून कृतिकानं ती वाढवली होती. सासऱ्यांना तिनं एकदा समजावलं होतं आणि हीराबाईनं भाजी निवडता निवडता ऐकलं होतं. त्या पट्टीच्या एका अंगाला समुद्र आहे, सकाळी धुकं येतं, झाडं त्या धुक्यावर जगतात. आत गेलं की ठणठणीत वाळवंट, तिथली झाडं वर्ष वर्ष कोरडी राहतात आणि पाणी जास्त झालं की मरतात. म्हणून मांडणीवर दोन रांगा होत्या. समुद्राकडच्या रांगेला रोज सकाळी पिचकारीनं फवारा, वाळवंटाकडच्या रांगेला पावसाळाभर एक थेंब नाही.

एखादं झाड पांढऱ्या केसांचं, म्हाताऱ्याच्या डोक्यासारखं. कोणाला गळासारखे वाकडे काटे, ते हीराबाईच्या पदराला धरून बसायचे आणि पदर सोडवता सोडवता तिचा अर्धा राग तिथंच निघायचा. एक होतं ते तिकडे म्हणे देवळाच्या शिखराहून उंच जातं, इथं अजून अंगठ्याएवढंच होतं. आणि समुद्राकडचं एक तर उभंच राहत नव्हतं, जमिनीवर आडवं पडून रांगायचं. मागून वाळत जायचं, पुढून मुळं धरायचं. त्याच्यासाठी कृतिकानं लांबलचक लाकडी पेटी केली होती.

"चालतं म्हणते झाड," हीराबाई शेजारच्या भुरीबाईला म्हणाली. "ह्या घरात सगळ्यायलेच बाहीर जायाची घाई."

खरं दुखणं ते होतं. झाडं नव्हतीच.

थोरला श्रेयांस पुण्याला गेला तेव्हा दोन वर्षांत परत येतो म्हणाला होता. त्याची पोरं आता तिथल्या शाळेत जातात आणि रविवारी त्याचा फोन येतो. राहिला एकटा पारस, जवळच्या मालेगावच्या बँकेत. सकाळी मोटारसायकलवर जायचा, दिवे लागायच्या आत जेवायला घरी. त्या एका ताटासाठी हीराबाई दिवसभर उभी असायची. आता त्याला बढती आली होती आणि बढतीबरोबर बदली, तीही रत्नागिरीला. हो की नाही, ते पर्युषण संपलं की कळवायचं होतं. पारस घरात याबद्दल तोंड उघडत नव्हता. विचारलं की म्हणायचा, "पाहू, आई."

मग एका संध्याकाळी हीराबाई वाळलेले कपडे काढायला जिन्यात आली आणि गच्चीवरून कृतिकाचा आवाज तिच्या कानी पडला.

"आधी माह्या कुंड्यायचं काय ते ठरू दे. मंग जायाचं बोल."

हीराबाई तिथंच थबकली. दुसऱ्या दिवशी सून फोनवर कुणाला तरी विचारत होती की रत्नागिरीत हवा किती दमट असते, उन्हाळ्यातही असते का. बस. हीराबाईच्या डोक्यात गणित पक्कं झालं. ही बाई माझ्या पोराला घेऊन चालली. तिचं एवढंच अडलंय की ही काट्याची वरात न्यायची कशी. कुंड्याच नसल्या तर? मग कशाला जाईल? हात हलवत कोणी परमुलखात जात नाही.

हे गणित चुकलं होतं. पण राग आला की हीराबाईला स्वतःचं गणित चुकलेलं कधी दिसत नसे. दुकानात मीटरभर कापड कमी भरलं तर ती नवऱ्याला सोडायची नाही, स्वतःला मात्र तिनं कधी मोजलं नाही.

अडचण एकच होती. उपटायच्या कशा? लहानपणी जैन पाठशाळेत शिकलेलं तिच्या हाडात मुरलं होतं. कांदा-बटाटा का खायचा नाही, तर एका कांद्यात अनंत जीव. थोर-निवडुंग त्याच यादीत. एक कांडं मोडलं तरी अनंत जीवांची हत्या. हीराबाई वाटेतली मुंगी ओलांडून जाणारी बाई. तिच्यानं कुंडी फोडवली नसती, कोणाकडून फोडून घेणंही जमलं नसतं, कारण करणाऱ्याइतकंच पाप करवणाऱ्याला.

पण पाणी घालणं पाप आहे का? तहानलेल्याला पाणी घालणं?

भाद्रपदात दसलक्षण पर्व, म्हणजेच पर्युषण, सुरू झालं आणि नेमकं कारंज्याहून बोलावणं आलं, कृतिकाच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. जाताना तिनं पारसला दोनदा बजावलं, "समुद्राकडच्यायले फवारा. इकडच्यायले हात लावू नको. मेले तरी पानी नोको."

"मी मारून देत जातो फवारा," हीराबाई म्हणाली. "त्याले सकाळी येळ कुठं असते."

कृतिकानं सासूकडे पाहिलं. बॅग उचलली आणि मालेगावच्या एसटीत बसली.

त्या दिवसापासून हीराबाईचा नेम सुरू झाला. देवळातून आली की हंड्यातलं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायची, फडक्यात राहिलेले बारीक जीव रीतीप्रमाणे परत विहिरीत सोडून यायची, मग बादली घेऊन जिना चढायची. गुडघे कुरकुरायचे, दोन पायऱ्यांवर थांबावं लागायचं. समुद्राकडच्या रांगेला फवारा, सांगितला होता तेवढाच; ती पाण्याला सरावलेली, पाण्यानं तिचं काही वाकडं होणार नव्हतं. वाळवंटाकडच्या रांगेला तांब्या तांब्या, खालून ओघळेपर्यंत. ओलं फडकं ती तिथंच मांडणीच्या कांबीवर वाळत टाकायची. उपासाच्या दिवसांत बाई कुंड्यांना पाणी घालते, तेही गाळून, हे पाहून भुरीबाईला भरून आलं. "सुनेच्या झाडायचं बी किती करता तुमी," ती म्हणाली.

हीराबाईला ठाऊक नव्हतं असं कोणी म्हणू नका. ठाऊक होतं. कृतिका गेल्या वर्षी तिच्यावर ओरडली होती, "पानी नोका घालू आई, सडतात ते." शब्द न् शब्द तिच्या लक्षात होता. तो अपमान ती विसरली नव्हती आणि अपमानाबरोबर आलेली माहितीही विसरली नव्हती.

पहिल्यांदा उलटंच झालं. झाडं फुगली, तकतकीत दिसायला लागली. गळासारख्या काट्यांच्या त्या मेल्यानं तर डोक्यावर गुलाबी फुलांचं कडं काढलं. हीराबाई चिडली. तिनं त्याला दोन तांबे जास्त घातले.

मग बुडातून तपकिरी डाग चढू लागले. म्हाताऱ्याचे पांढरे केस पिवळे पडले आणि एक दिवस तो मान टाकून बाजूच्या कुंडीवर कलंडला. गच्चीवर वास सुटला. प्रेमचंद शेठ जेवताना म्हणाले, "उंदीर मेला का कुठं?"

"असन," हीराबाई म्हणाली आणि त्यांना भाजी वाढली. तिच्या मनात पाप नव्हतं. होतं ते समाधान, आणि ते तिला छान पचत होतं.

पारस मात्र एकदाही गच्चीवर चढला नाही. आईनं जबाबदारी घेतली म्हणून त्यानं डोळे मिटून सोडून दिलं. आईवर विश्वास ठेवायला कोणाला विचारावं लागत नाही.

कृतिका परतली ती नेमकी क्षमावाणीच्या दिवशी. पर्व संपलं की त्या दिवशी सगळा समाज एकमेकांसमोर हात जोडतो, वर्षभरात कळत नकळत दुखावलं असेल तर माफी मागतो. ओट्यावर येणारे-जाणारे "उत्तम क्षमा" म्हणत होते, हीराबाई हसतमुखानं हात जोडत होती. कृतिका एसटीतून उतरली, सासऱ्यांच्या पाया पडली आणि बॅगेसकट वर गेली.

शेवटचे पाहुणे गेले. मग ती खाली आली. तिच्या उजव्या हाताचा अंगठा तपकिरी चिकट झाला होता. दुसऱ्या हातात ते गाळायचं फडकं होतं.

पारस उठून उभा राहिला. "काय झालं?"

ती त्याच्याशी बोलली नाही. बसलेल्या सासूसमोर जाऊन उभी राहिली. हीराबाईला वाटलं, आधी आपणच हात जोडावे, विषय संपेल. तिनं जोडले.

"उत्तम क्षमा, बेटा."

"कायची?"

"वर्षभरात काही चुकलं असन तर."

"असन तर नाही. काय चुकलं ते सांगा, मंग देतो क्षमा."

प्रेमचंद शेठ म्हणाले, "सुनबाई, आजचा दिवस..."

"आजचाच दिवस आहे, बाबा."

हीराबाईचा पारा चढला. "पानी घातलं. तहानल्या जिवाले पानी घातलं, हाच माहा गुन्हा का? तू टाकून गेली, मी सांभाळलं."

"गाळून घातलं," कृतिका म्हणाली. आवाज चढला नाही तिचा, तोच जास्त झोंबला. फडकं तिनं सासूच्या मांडीवर ठेवलं. "पान्यातला एक किडा मरू नाही म्हणून दुहेरी फडक्यातून गाळलं. एका झाडात अनंत जीव असतात, हे तुमीच मले शिकवलं, आई. ती सगळी रांग गेली. किती जीव झाले ते तुमी मोजा. मले तेवढं गणित येत नाही."

मग हीराबाई बोलू नये ते बोलली. "बरं झालं गेले ते. आता तरी माह्या पोराले घिऊन पळायचं सुचनार नाही तुले."

पारसनं आईकडे पाहिलं. असं त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"आई, तुले कोनं सांगतलं का ही जायाचं म्हणून राह्यली?"

"मी ऐकलं माह्या कानानं. कुंड्यायचं ठरू दे, मंग जायाचं बोल."

"मी तिच्या मागं लागलो होतो, आई. मीच. मले जायाचं होतं." हे बोलताना तो खाली बघत होता. "हीच नाही म्हणे. तिथली हवा दमट, वाळवंटाकडची झाडं महिनाभर टिकनार नाहीत, मी ते सोडून येत नाही, तू बँकेले नकार कळव. रोज हेच. मी कटाळून नकार कळवनारच होतो."

हीराबाईनं फडक्याची घडी केली. उलगडली. पुन्हा केली. "मंग कळव ना नकार," ती म्हणाली. तिचा आवाज पार बदलला होता. "कळव बापा. मी सगळ्या नव्या कुंड्या आनून देतो. पाह्यजे तेवढ्या."

पारसनं बायकोकडे पाहिलं. उत्तर तिनं दिलं.

"समुद्राकडची उरली तेवढी. त्यायले तिथली हवा मानवते." मग नवऱ्याला म्हणाली, "उद्या होकार कळव."

पुढं जे व्हायचं ते झालं. प्रेमचंद शेठ दोन दिवस जेवले नाहीत, मग जेवले. हीराबाई सुनेशी बोलली, मग ओरडली, मग भुरीबाईला मध्ये घातलं. कृतिका घरातलं सगळं करत होती, ताट वाढत होती, विचारल्यास हो-नाही म्हणत होती. क्षमेचा शब्द मात्र तिनं काढला नाही आणि हीराबाईच्या तोंडूनही पुन्हा निघाला नाही, कारण आता काय चुकलं ते सांगावं लागलं असतं.

टेम्पो आला त्या दिवशी समुद्राकडची रांग पेंढ्यात बसवून खाली उतरली. रांगणाऱ्या झाडाची पेटी टेम्पोत मावेना, तेव्हा कृतिकानं झाडाचं मागचं वाळलेलं अंग चाकूनं कापून गच्चीवरच टाकलं आणि पुढचा हिरवा तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर घेतला. हीराबाई बघत होती. काप म्हणवेना, नको म्हणवेना.

पारस आईच्या पाया पडला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला तो काढता काढवेना, शेवटी त्यानंच हळूच बाजूला केला. कृतिकाही पाया पडली, रीत म्हणून. उठताना म्हणाली, "वरच्या कुंड्या रिकाम्या नाहीत, आई. त्या रांगेत झाडं आहेत अजून, मेलेली. मी काही उचललं नाही. तुमच्या हातच्या पान्याची सवय आहे त्यायले, घालत जा."

टेम्पो मेहकरच्या रस्त्याला लागला.

गच्ची आता मोकळी आहे, पापड वाळवायला हवी तेवढी जागा. हीराबाई पापड करत नाही, दोघांना किती लागतात. कुंड्या तिथंच आहेत. कोणाला उचलू देत नाही, स्वतः उचलत नाही. कधी कधी पाण्याचा तांब्या घेऊन जिना चढते, दोन पायऱ्यांवर थांबते आणि परत फिरते.

रविवारी श्रेयांसचा फोन येतो. तो ठेवला की पारसचा. दोघं एकच विचारतात.

"जेवली का, आई?"

"जेवली," ती म्हणते.