गुसाईंसिंगचं पडद्यावरचं मरण

पडद्यावर गुसाईंसिंग मेला तेव्हा हल्द्वानीच्या थिएटरात अख्खा गाव हुंदके देत होता. फक्त त्याच्या बायकोला, भागुलीला, हसू आवरेना. छातीत गोळी लागलेला माणूस बायकोचा फोटो हातात धरून गाणं म्हणतो, याला काय म्हणावं! भागुलीनं तर नवरा लढाईवर जाईपर्यंत फोटो कधी काढलाच नव्हता.

बासष्टच्या लढाईतून गुसाईंसिंग परतला नाही, प्रेतही मिळालं नाही. सरकारी कागदावर ‘बेपत्ता’ एवढंच आलं. म्हणून तीस वर्षं ती गावातल्या प्रत्येक लग्नात पिवळा पिछौडा, सवाष्णीची ओढणी, पांघरून सवाष्णींत बसत होती, मंगलगीतं गात होती, चुकणाऱ्या बायकांना सुधारत होती. सिनेमावाल्यांनी एका गाण्यात तिचं कुंकू पुसलं. सुरुवातीलाच ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी पाटी होती, आणि पाटीपुढे कुणाचं काही चालत नाही.

आठवड्याभरात दिराच्या मुलीचं लग्न आलं. भागुली पिछौडा पांघरून अंगणात आली, तशा बायकांनी सरकून तिची जागा भरून टाकली.

“बोज्यू,” तिचा दीर दीवानसिंग खाली बघत म्हणाला, “या खेपेला तू आत बस. पोरीचं शुभकार्य आहे.”

“का रे? परवापर्यंत चालत होते ना मी?”

“आता सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. हातच्या काकणाला आरसा कशाला?”

“काय पाहिलंस मेल्या? नट होता तो! पुढच्या महिन्यात दुसऱ्या सिनेमात नाचेल!”

जाऊ हळूच म्हणाली, “दीदी, फौजेतले म्हातारे सांगतात, लढाई अश्शीच झाली. तो बर्फ, ती थंडी, सगळं खरं. मग मरण तेवढं खोटं?”

“हो! तेवढंच खोटं!”

“मग तू मध्यंतराआधीच का रडत होतीस? मी शेजारीच होते. तेव्हा तर कुणी मेलंही नव्हतं.”



“त्या फौजी पोरांच्या पायांत कापडी बूट होते गं,” भागुली म्हणाली. “गुडघाभर बर्फात. मला आपलं वाटायचं, वाट चुकला असेल, डोंगरापलीकडं कुणी ठेवून घेतलं असेल. पण असल्या बुटांनी...”

तिनं खांद्यावरचा पिछौडा उतरवला. “असल्या बुटांनी तो डोंगर ओलांडूच शकला नसेल.”

तिला रडूही आलं नाही. पिछौड्याची घडी करून तिनं जावेच्या हातात दिली आणि आत जाऊन बसली. बाहेर मंगलगीत सुरू झालं. बायका दुसऱ्याच ओळीला चुकल्या, आणि भागुलीनं त्यांना सुधारलं नाही.