दुधातला भात, सासूबाईंच्या पद्धतीने

सासूबाईंच्या सत्तरीला घरातल्या पाककृतींचं पुस्तक काढायचं, असं नणंदबाईंनी ठरवलं. ठरवणं हे नणंदबाईंचं आवडतं काम, आणि ते त्या मन लावून करत. पुस्तकाचं नाव ठरलं, मुखपृष्ठ ठरलं, त्यावर हातात पळी घेऊन हसणाऱ्या नणंदबाईंचा फोटोही काढून झाला. आता उरलं होतं ते किरकोळ काम, म्हणजे पुस्तक लिहिणं. ते त्यांनी मोठ्या मनाने भावजयीला देऊन टाकलं.

“तुझं कामच आहे ना लिहिण्याचं,” त्या फोनवर म्हणाल्या. “तुझं काय, बसल्या बसल्या होईल.”

सुनेचं काम लिहिण्याचं होतं हे खरंच. पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात ती माहितीपुस्तिका लिहीत असे. ‘पंप सुरू करण्यापूर्वी टाकीत पाणी असल्याची खात्री करा’ या धाटणीचं साहित्य गेली अकरा वर्षं तिच्या हातून निर्माण होत होतं. वाचक हजारोंनी होते. फक्त पंप बंद पडल्याशिवाय त्यातला एकही पान उघडत नसे.

पंधरा दिवसांत नातेवाइकांच्या पाककृती येऊन थडकल्या. कोणी तीन ओळींत पाव भाजला होता, कोणी बिस्किटांच्या निमित्ताने आपलं अख्खं बालपण लिहून काढलं होतं आणि त्या भरात पीठ राहून गेलं होतं. ‘अंदाजे’ हा शब्द एकूण एकशे चौदा वेळा आला होता. सुनेने मोजला. नणंदबाईंनी स्वतःच्या प्रत्येक पाककृतीच्या शेवटी ‘आणि चिमूटभर माया’ असं लिहिलं होतं. लोणच्यातसुद्धा.

कारखान्यात एक नियम होता. जे लिहिलं ते आधी त्या विषयातलं काहीही न कळणाऱ्या माणसाच्या हाती द्यायचं, आणि तो काय करतो ते गुपचूप बघायचं. असा माणूस सुनेला शोधावा लागला नाही. तिचा नवरा शाळेत भूमिती शिकवायचा, आणि लग्नाला चौदा वर्षं होऊनही गॅसचं बटण कुठल्या दिशेला फिरतं यावर त्याचं ठाम मत नव्हतं. पहिल्या रविवारी तिने त्याला नणंदबाईंचं ‘साधं-सोपं भोपळ्याचं सूप’ दिलं आणि दारात वही घेऊन उभी राहिली.

“मध्यम आकाराचा कांदा,” नवरा म्हणाला. “व्यास किती?”

“लिहिलंय तेवढंच करायचं. मला विचारायचं नाही.”

त्याने लिहिलं होतं तेवढंच केलं. भोपळा चिरला, कांदा चिरला, पातेल्यात टाकला, झाकण ठेवलं आणि कागदावर होतं तसं ‘छान शिजेपर्यंत’ वाट बघत बसला. कागदावर पाणी नव्हतं, म्हणून पातेल्यातही नव्हतं. ते पातेलं पुढे घासण्याच्या पलीकडे गेलं.

“पाणी घालायचं हेही लिहायचं का?” फोनवर नणंदबाई दुखावल्या. “इतकं तर कुणालाही कळतं!”

“आम्ही पंपाला लिहितो, ताई. पंपालासुद्धा.”

सासूबाईंची गोष्ट वेगळी होती. त्या त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहत. स्वयंपाकघर स्वतंत्र, मतंही स्वतंत्र. त्यांचा दुधातला गोड भात म्हणजे घरातला शेवटचा शब्द. आजारपणात तोच, परीक्षेनंतर तोच, रुसवा काढायलाही तोच. खुद्द नणंदबाईंनी तो बावीस वेळा करून पाहिला होता आणि बावीस वेळा दोष दुधाला दिला होता. सासूबाईंनी कृती सांगितली तीही बिनतक्रार: तांदूळ इतके, दूध इतकं, साखर शेवटी, आच मंद, अधूनमधून ढवळा. सुनेने ती जशीच्या तशी उतरवून नवऱ्याच्या हाती दिली.

‘अधूनमधून’ या शब्दाचा भूमितीच्या शिक्षकाने स्वतःपुरता अर्थ लावला. दर वीस मिनिटांनी. दुसऱ्या ढवळणीच्या आधीच दुधाने तळ धरला. करपलेल्या दुधाचा तो वास जिन्यातून वर गेला, खाली गेला, समोरच्या शिंपीणबाई नाकाला रुमाल लावून दार वाजवायला आल्या. काही पेटलंय का, त्यांनी काळजीने विचारलं. त्यांच्या मागोमाग सासूबाई आल्या, थेट स्वयंपाकघरात शिरल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

“झाला का? दे बघू चमचाभर.”

सुनेने घाईने खिडकी उघडली. तिला वाटलं, सासूबाई आता लेकाला सोलून काढणार. सासूबाईंनी चमचा तोंडात घातला, डोळे मिटले आणि सावकाश चावलं.

“बरा जमलाय. शीत मात्र जास्त मऊ झालंय, पाच मिनिटं आधी उतरवायला हवा होता. साखर बरोबर.”

नवऱ्याची छाती फुगली. सुनेने बोटाने एक शीत उचलून जिभेवर ठेवलं आणि तडक बेसिन गाठलं. जळक्या लाकडाची चव होती. सासूबाई दुसरा चमचा घेत होत्या. लेकाच्या कौतुकापोटी माणूस एक चमचा खाऊ शकतो; दोन खाणं अमानुष होतं.

नवरा शिंपीणबाईंना निरोप द्यायला बाहेर गेला तशी ती सासूबाईंसमोर बसली.

“आई, खोलीत कसला वास येतोय?”

“कसला म्हणजे? भाताचा.”

“करपल्याचा येतोय. शिंपीणबाई तेवढ्यासाठीच आल्या होत्या.”

सासूबाईंनी चमचा वाटीत ठेवला. त्यांची नजर सुनेच्या वहीवर गेली.

“हे त्यात लिहिणार आहेस का?”

“नाही.”

“मग ऐक. मागल्याच्या मागल्या वर्षी तो ताप आला होता ना, तेव्हापासून. खारट कळतं, गोड कळतं, तिखट झोंबतं. वास म्हणून काही नाही. फुलाला नाही, साबणाला नाही. चहा म्हणजे नुसतं गरम पाणी. जेवते आपली सवयीने.”

“दोन वर्षं? आणि सांगितलं नाहीत?”

“कुणाला सांगू? तुझ्या नणंदेला? तिने मला चार डॉक्टर फिरवले असते, आणि पाचवा गाठायच्या आत ग्रुपवर माझ्या नाकाचा फोटो टाकला असता. मग कुणी मला गॅसपाशी उभं राहू दिलं असतं? ‘आई, तुम्ही बसा.’ बसून काय करू मी?”

 धोक्याच्या सूचना लिहिण्यात तिची अकरा वर्षं गेली होती, त्यामुळे दया येण्याच्या आधी तिला गॅसगळती आठवली. दुसऱ्या दिवशी वरच्या स्वयंपाकघरात भिंतीवर एक पांढरी डबी लागली. गॅस सुटला की ती किंचाळणार होती. नवऱ्याला सांगितलं, पुस्तकासाठी प्रयोग आहे. त्याने विश्वास ठेवला. प्रयोग म्हटलं की तो कशावरही ठेवायचा. सासूबाईंनी डबीकडे पाहून नाक मुरडलं, त्यांच्या बाबतीत नाकाचा तेवढाच उपयोग उरला होता. डॉक्टरांकडे मात्र वाढदिवस झाल्यावर जायचं, आणि तोवर नणंदबाईंना एक अक्षर कळवायचं नाही, असं दोघींचं ठरलं.

एक गोष्ट मात्र सुनेला कळेना. वास येत नसताना या बाईचा भात दोन वर्षं कसा चुकला नाही? कारखान्यातून आल्यावर ती रोज संध्याकाळी वर जाऊन ओट्याला टेकून उभी राहू लागली.

“आत्ता आच कमी केलीत. का?”

“कमी करायची वेळ झाली म्हणून.”

“ते तुम्हाला कशावरून कळलं?”

सासूबाई वैतागल्या. मग थांबल्या. मग, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांनी स्वतःलाच तो प्रश्न विचारला असावा. “आवाज ऐक. मघाशी दूध पुटपुटत होतं. आता भदभदतंय. भदभदलं की खाली लागायला सुरुवात होते. डाव सरकवून बघ, तळ खरखरीत लागला तर उशीर झाला.”

सुनेने लिहून घेतलं. कांदा टाकल्यावर चरचरतो, ती चरचर बसली की तो झाला. बिस्किटाची कड उचलून बघायची, वाकली तर अजून दोन मिनिटं. भाताचं शीत दोन बोटांत दाबलं की मधे एक बारीक कणी लागायला हवी; तेव्हाच उतरवायचा, बाकीचा तो स्वतः शिजतो. नाक गेल्यावर सासूबाईंनी कान, बोटं आणि डोळे कामाला लावले होते, आणि त्याचा गाजावाजा केला नव्हता. हस्तलिखितात एकही ‘अंदाजे’ उरला नाही. पुढच्या रविवारी नवऱ्याने तो कागद घेतला, पातेल्याला कान लावला, कान भाजून घेतला आणि भात केला. पहिल्याच खेपेला जमला. त्याने वाटीचा फोटो शाळेतल्या सगळ्या शिक्षकांना पाठवला.

नणंदबाईंनी हस्तलिखित वाचलं आणि त्या धावत आल्या.

“हे काय? दूध भदभदतंय, कांदा चरचरतोय! यात आईची माया कुठेय?”

“माया किती घ्यायची?” नवऱ्याने प्रामाणिकपणे विचारलं. “चिमूट म्हणजे साधारण पाव चमचा धरू का?”

शेवटी तडजोड झाली. माया प्रस्तावनेत गेली. प्रस्तावना नणंदबाईंची होती आणि पुस्तकाच्या एक तृतीयांश होती.

वाढदिवसाला एका हॉलमध्ये तीस-पस्तीस माणसं जमली. पुस्तकं वाटून झाली, जो तो आपल्या नावाचं पान काढून बसला. मग नणंदबाईंनी माईक घेतला. त्या तोंडभर हसत होत्या, आणि सुनेने हातातलं पुस्तक मिटलं. नणंदबाई अशा हसल्या की कुणाचं तरी काही खरं नसे.

“आता एक गंमत! आईच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची. समोर दहा वाट्या. आई नुसता वास घेऊन दहाही पदार्थ ओळखणार!”

टाळ्या पडल्या. सून उठली. “ताई, आई दमल्यात. केक कापूया ना आधी.”

“अगं, दोन मिनिटांचं तर काम!” रेशमी रुमाल बांधूनही झाला होता.

पहिली वाटी आली. सासूबाईंनी ती नाकाशी नेली, शांतपणे हलवली आणि चमचा मागितला. चमचा आत फिरवला. “दुधातला भात.” टाळ्या. दुसरी वाटी त्यांनी बोटाने चाचपली, कड मोडली. “बिस्किटं.” पुन्हा टाळ्या. तिसरीतला मुरंबा त्यांनी चमच्यावरून ओघळायला लागलेल्या वेळावरून ओळखला.  चौथी वाटी सुपाची होती. सूप गाजराचंही असतं, भोपळ्याचंही, टोमॅटोचंही, आणि चमच्याला ती सगळी सारखी. सासूबाई ती वाटी हातात धरून बसून राहिल्या. हॉलमध्ये कोणीतरी खुसखुसलं.

“आई, वास घे ना नीट!” नणंदबाई माईकवरून म्हणाल्या.

सासूबाईंनी रुमाल सोडला, त्याची नीट घडी केली आणि तो वाटीशेजारी ठेवला.

“मला वास येत नाही. दोन वर्षं झाली. पुस्तकातला माझा सगळा स्वयंपाक ऐकून आणि बोटांनी दाबून केलेला आहे. सुनेने लिहिलाय तसा.”

 नणंदबाईंच्या हातातला माईक चालूच होता, म्हणून त्यांचा पुढचा प्रश्न सगळ्यांना ऐकू आला.

“मग गेल्या वर्षी माझ्या सुपाला छान म्हणालीस, ते?”

“वास येत नव्हता म्हणूनच म्हणाले, बाळ.”

आधी भूमितीचा शिक्षक हसला, मग सगळा हॉल. पुढचा अर्धा तास प्रत्येकाने सासूबाईंच्या कानाशी येऊन एकेक उपाय सांगितला. एका काकांनी डोक्यावर उभं राहायला सुचवलं, सत्तरीच्या बाईला, आणि दाखवूही लागले. त्या गर्दीत नणंदबाई दिसेनात. सुनेला त्या हॉलच्या मागच्या खोलीत सापडल्या. रिकाम्या भांड्यांमध्ये स्टुलावर बसून त्या रडत होत्या, आणि आश्चर्य म्हणजे आजूबाजूला बघायला कोणीही नव्हतं.

“तुला सांगितलं तिने,” त्या म्हणाल्या. “मला नाही.”

तुमच्याजवळ सांगितलं की ते गावभर होतं, असं सुनेच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि स्टूल ओढून शेजारी बसली.

“मला त्यांनी सांगितलं नाही, ताई. भात करपला म्हणून कळलं. नाहीतर मलाही सांगणार नव्हत्या.”

पुढच्या आठवड्यात तिघी मिळून डॉक्टरांकडे गेल्या. वास कदाचित थोडा परत येईल, कदाचित नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यांची फी लक्षात घेता उत्तर चांगलंच सावध होतं. नणंदबाईंनी नाकाचा फोटो काढला नाही. सुनेने त्याची मनात नोंद केली.

मंगळवारी ती कारखान्यातून आली तर वरच्या स्वयंपाकघरात नणंदबाई उभ्या. केस घट्ट बांधलेले, नाक पातेल्यावर, गंभीर.

“आईला मी मदत करणार,” त्यांनी जाहीर केलं. “ती आवाज ऐकणार, मी वास सांगणार. त्या दिवशी परीक्षा घेऊन…” वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. “पुढच्या आवृत्तीत माझ्या सुपात पाणी घाल.”

“आणि भोपळा किती?”

“तो मी मोजून सांगेन.”

सासूबाई डाव फिरवत होत्या. “तुमचं झालं असेल तर गप्प बसा दोघी, दूध ऐकू येत नाही मला,” त्या म्हणाल्या. “आणि तू, इथे हुंगायला उभी आहेस की भाषण द्यायला? काय वास येतोय, सांग.”

नणंदबाईंनी डोळे मिटून खोल श्वास घेतला आणि, बहुधा जन्मात पहिल्यांदाच, माहीत नव्हतं ते ठरवून टाकलं नाही.

“अजून काही नाही, आई,” त्या म्हणाल्या. “थांब, येतोय.”