तीन सेंटीमीटर तार

संगणकाच्या वायफाय कार्डाच्या कडेला सोनेरी पट्ट्यांची रांग होती आणि तिच्यातली एक पट्टी बाकीच्यांहून किंचित काळी पडली होती. मुलीने ती खोडरबराने हलकेच घासली, फुंकर मारली आणि कार्ड पुन्हा खाचेत बसवलं. संगणक सुरू केला. त्याने कार्ड ओळखलं. ड्रायव्हर बरोबर होता, तक्रार कुठेच नव्हती. फक्त नेटवर्कांची यादी कोरी.

वडील शेजारी स्टुलावर बसून पाहत होते. चाळीस वर्षं त्यांनी रेडिओ दुरुस्त केले, आणि तीन वर्षांपूर्वी त्यांचे दोन्ही कान गेले. तेव्हापासून दूर राहणाऱ्या नातीशी त्यांचं बोलणं या संगणकावरच, टाइप करून. आठवड्यापासून तेही बंद होतं. घरात मुलगी वहीत लिही आणि ते तोंडाने उत्तर देत, गरजेपेक्षा मोठ्याने.

वहीच्या पानावर सकाळीच लिहिलेलं होतं: 'डॉक्टर म्हणतात, कानाची नस अजून शाबूत आहे. पण ऑपरेशन करून कानात यंत्र बसवायला आणखी उशीर केला तर तीही कामातून जाईल.'

त्यावर त्यांचं उत्तर तीन वर्षांचं ठरलेलं. "लोकांचे रेडिओ मी उघडले. मला कुणी उघडायचं नाही."

तिने कॅबिनेटची मागची बाजू उजेडाकडे वळवली. कार्डाची दोन पितळी टोकं उघडीच होती. तिने लिहिलं, 'इथल्या काळ्या दांड्या?'

"काढल्या. भिंतीला लागत होत्या."

'अहो बाबा, एरियल होते ते.'

"आत असेलच की एक. आमच्या रेडिओत आतच असायचा." ते थोडे ओशाळले. "भंगारात गेल्या त्या."

'गिऱ्हाइकाने असं केलं असतं तर?'

"दुकानाबाहेर काढला असता."

तिने पानाच्या कडेला भागाकार केला आणि उत्तराखाली रेघ ओढली. एरियलला हवा वायफायच्या लहरीच्या लांबीचा चौथा हिस्सा, तीन सेंटीमीटर आणि वर एक मिलिमीटर.

"एवढीशी?" त्यांनी बोटांत अंतर धरून पाहिलं. त्यांच्या काळी गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तार ताणावी लागे.

मग ते उठले. खणातून तांब्याची तार काढली, पट्टीवर मोजून तोडली, ब्लेडने टोक खरवडलं. कार्डाच्या एका पितळी टोकाच्या मधोमध असलेल्या सुईला त्यांनी तारेचे दोन वेढे दिले, भोवतीच्या आट्यांना जराही लागू न देता.

पडद्यावर एक नाव उमटलं. मग तीन. मग यादी खाली सरकत गेली. 'तळमजला'. 'दातांचा दवाखाना'. 'स्वतःचं घ्या'. याला ते हसले. नावं सतरा झाली. घरचं नेटवर्क जोडलं गेलं आणि नातीचे निरोप एकाखाली एक येऊ लागले.

पण ते पडद्याकडे पाहत नव्हते. खुर्च्या, खिडकी, खिडकीजवळचा रिकामा कोपरा, सगळीकडे त्यांची नजर सावकाश फिरली. मग त्यांनी हात पुढे केला आणि तळवा हवेत उघडा धरला.

"हे सगळं आत्ता या खोलीत आहे?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"मघाशीही होतं?"

'पूर्ण वेळ,' तिने लिहिलं.

त्यांनी तोच तळवा सावकाश कानावर ठेवला.

"डॉक्टरांना कळव," ते म्हणाले. या वेळी आवाज मोठा नव्हता. "यंत्र बसवू. लवकरची तारीख घे."