अकराव्या मांजराची उजवी बाजू

आमच्या ऑफिसात दोन वर्षांपूर्वी एक मुलगी आली. दोन वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत, पण मी अजून तिला नवीच म्हणते. तोंडावर नाही, मनात, आणि घरी नवऱ्यासमोर. तिच्या वागण्या-बोलण्यात कुठेही खोट काढता येत नाही, हा तिचा पहिला दोष. दुसरा दोष असा की माझं काम शिकायला मला चार वर्षं लागली होती आणि तिला चार महिने लागले. उगाच आडवळणं कशाला, सरळच सांगते. मला तिचा हेवा वाटतो.

आमची संस्था रानमांजरं वाचवते. संस्थेच्या अहवालात जे फोटो छापतात त्यांत टोप्या घातलेली, चिखलाने माखलेली माणसं डोंगरात हिंडताना दिसतात. मी त्यांत कुठेच नाही. मी मागच्या खोलीत बसते. खोलीला एकच खिडकी, ती सायकल स्टँडकडे उघडते. रानात झाडांना कॅमेरे बांधलेले असतात, समोरून काही हललं की आपोआप फोटो निघतो. दर मंगळवारी ड्रायव्हरकाका त्या कॅमेऱ्यांची कार्डं बिस्किटांच्या जुन्या डब्यातून आणून माझ्या टेबलावर ठेवतात. एका कार्डात दोन-अडीच हजार फोटो. त्यातले दोन हजार वाऱ्याने हललेल्या गवताचे. उरलेल्यांत ससे, रानडुकरं, वाट चुकलेली एखादी गाय, आणि कॅमेरा आरसा समजून भांग नीट करणारे लाकूडतोडे. ह्या सगळ्यातून कधीतरी एक मांजर निघतं.

प्रत्येक मांजराचे ठिपके वेगळे. माणसाच्या अंगठ्याचा ठसा असतो तसे. त्यावरून हे कोणतं मांजर ते मी ओळखते आणि त्याच्या कार्डावर नोंद करते. मेख अशी की मांजराच्या डाव्या अंगावरचे ठिपके एक आणि उजव्या अंगावरचे दुसरेच. दोन्ही बाजू दिसल्याशिवाय मांजर पुरतं ओळखलं असं म्हणायचं नाही, हा आमचा नियम. ज्याची एकच बाजू मिळाली त्याचं कार्ड 'अर्धे' असं लिहिलेल्या खोक्यात पडून राहतं, मोजणीत धरत नाहीत. फक्त पहिल्या वर्षीच्या मांजरांना त्यातून सूट मिळाली, कारण तेव्हा प्रत्येक जागी एकच कॅमेरा होता. पुढे त्यांच्या दुसऱ्या बाजू एकेक करून सापडत गेल्या. पाच नंबरची तेवढी राहिली. तिची फक्त डावी बाजू आमच्याकडे होती.

आणि अकरा नंबरची फक्त उजवी.

अकरा नंबर माझं. सहा वर्षांपूर्वी ओढ्याकाठच्या कॅमेऱ्यात मला ते सापडलं. खांद्यामागे घोड्याच्या नालेसारखी खूण, तशी कुठल्याच कार्डावर नव्हती. नियमाने ते अर्ध्यांच्या खोक्यात जायला हवं होतं. पण त्या दिवशी डॉक्टर माझ्या खुर्चीमागे उभे होते. डॉक्टर म्हणजे आमच्या संस्थेचे संस्थापक. पूर्वी गुरांचे डॉक्टर होते, म्हणून अजून सगळे डॉक्टरच म्हणतात. मी म्हटलं, हिच्या शेपटीवरची वलयं पाचपेक्षा बारीक आहेत, ही वेगळीच आहे, एकच बाजू असली तरी नव्या नंबरने धरू या. डॉक्टर बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले, मग माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाले, "काय नजर आहे गं तुझी."

एवढंच. पण त्या वाक्यावर मी सहा वर्षं काढली. अकरा नंबरचा फोटो मोठा करून जिन्यात लावला. येता-जाता मी त्याच्याकडे बघत असे आणि मला बरं वाटत असे.

मग ही आली. पहिल्याच दिवशी हिला लांब ठेवायचं म्हणून मी 'रिकामे' फोटो तपासायला बसवलं. रिकामे म्हणजे गवताचे. मी एकदा बघून बाजूला टाकलेले हजारो फोटो, ज्यांकडे पुन्हा कोणी ढुंकून बघत नाही. वाटलं होतं, आठवड्यात कंटाळून पळेल. ती नुसती टिकली नाही, तर त्या ढिगातून दोन मांजरांचे कान आणि एक शेपूट शोधून घेऊन आली. डॉक्टर नेमके दारातच होते. म्हणाले, "काय नजर आहे गं तुझी." शब्द तेच. टपलीसुद्धा तीच.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

घरी नवरा ताटावर बसला की मोजतो. त्याचं चष्म्याचं दुकान आहे, दिवसभर आकडेच बोलायची सवय. म्हणतो, "आज जेवताना 'ती' चौदा वेळा आली. कालपेक्षा तीनने जास्त." मी म्हणते, तुला काय कळतंय. तो म्हणतो, नंबर वाढत चाललाय तुझा, एवढं कळतंय. असा माणूस घरात असला की रडायचीही सोय राहत नाही.

ह्या वर्षी डोंगराच्या उतारावर दगडाची खाण काढायचं घाटत होतं. परवानगी द्यायची की तो उतार मांजरांसाठी राखून ठेवायचा, ते ठरवायला समिती बसणार होती. समितीपुढे आमची मोजणी कोणीतरी वाचून दाखवायची होती. सोळा वर्षं ती मोजणी ज्या खोलीत होते त्या खोलीतली मी. मी नवी साडी काढून ठेवली होती. डॉक्टरांनी सगळ्यांदेखत सांगितलं की वाचून दाखवायला नवी जाईल, तिचा आवाज खणखणीत आहे. मी हसून टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात मीच वाजवल्या.

समितीच्या आधीच्या मंगळवारी कार्डांचा डबा आला. ओढ्याकाठचं कार्ड मी लावलं आणि दुपारी, डबा खायच्या जरा आधी, तीन फोटो पाठोपाठ पुढे आले. पहिल्यात मांजर दगडावर बसून पाणी पीत होतं. डावी बाजू, ओळीने तीन ठिपके आणि खाली तुटकं कडं. पाच नंबर, डोळे मिटून सांगितलं असतं. दुसऱ्या फोटोत ते वळत होतं. तिसऱ्यात उजवी बाजू समोर आली, आणि खांद्यामागे घोड्याची नाल. शेपटी पाण्यात बुडून भिजली होती, केस चिकटून वलयं बारीक झाली होती. सहा वर्षांपूर्वीसारखीच.

अकरा नंबर नावाचं मांजर कधी नव्हतंच. मी पाच नंबरला दोनदा मोजलं होतं.

पहिला विचार मनात आला तो जिन्यातल्या फोटोचा. दुसरा आला तो आणखी वाईट. मोजणी अकराची आहे, आणि ती वाचणार आहे नवी. खाणवाले काही मूर्ख नाहीत, त्यांनीही ठिपके वाचणारा माणूस आणला असणारच. त्याने भर सभेत विचारलं की पाच आणि अकरा वेगळी कशावरून, तर त्या खणखणीत आवाजाची बोलती बंद होईल. डॉक्टरांसमोर. मला ते चित्र आवडलं. उताराचं काय होईल, मांजरांचं काय होईल, हे त्या क्षणी माझ्या मनाला शिवलंही नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही.

मांजराच्या फोटोला दोघींच्या सह्या लागतात. रिकाम्याला एकीची पुरते. मी ते तीन फोटो रिकाम्यांत ढकलले, नोंदवहीत त्यांच्या नंबरांपुढे 'गवत' असं लिहिलं आणि सही केली. माझी सही म्हणजे नुसता कोंबडीचा पाय, कोणाला वाचता येत नाही. मग मी डबा उघडला आणि पोटभर जेवले.

शुक्रवारी संध्याकाळी सगळे निघायच्या घाईत असताना नवी माझ्या टेबलाशी आली. तिच्या हातात ते तीन फोटो होते, छापलेले.

मी तिला विचारलं, हे कुठे मिळाले. ती म्हणाली, रिकाम्यांत. पुढे म्हणाली की ती दर शुक्रवारी रिकामे बघते, मीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि नंतर कधी थांब म्हटलं नाही. दोन वर्षं ही बाई दर शुक्रवारी गवत बघत होती, केवळ मी सांगितलं म्हणून. मला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं तेच कळेना.

"ताई, तुमच्याकडून चुकून तिकडे गेले असतील," ती म्हणाली. "मी डॉक्टरांना सांगितलं की पाच आणि अकरा एकच आहे, आणि ते तुम्ही शोधलंत."

मी शोधलं? नोंदवही तिने बघितली असणारच, माझ्या सहीचा कोंबडीचा पाय ह्या ऑफिसात तिला एकटीलाच वाचता येतो. म्हणजे तिला सगळं कळलं होतं आणि ती मला झाकत होती. किंवा तिला काहीच कळलं नव्हतं आणि ती मुळातच इतकी चांगली होती. ह्यातल्या कशाचा जास्त हेवा करावा ते मला ठरवता येईना.

तेवढ्यात डॉक्टर आले. खूश होते. म्हणाले, स्वतःची चूक स्वतः शोधायला मोठं मन लागतं, आता मोजणी दहाची आणि ती वाचणार तू, कारण शोधणाऱ्यानेच बोलायला हवं. नवी म्हणाली, हो, मलाही तसंच वाटतं. डॉक्टरांनी मला टपली मारली आणि ते वाक्य म्हणाले. सहा वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते वाक्य. मला ते मुठीत खडा धरल्यासारखं टोचलं.

घरी मी ताटं वाढली. नवरा म्हणाला, आज एकदाही 'ती' आली नाही, बरी आहेस ना.

समितीच्या दिवशी मी नवी साडी नेसून व्यासपीठावर बसले. शेजारच्या खुर्चीत नवी, फायली मांडीवर घेऊन. समोर पाच सभासद, पहिल्या रांगेत डॉक्टर, पलीकडे खाणवाले. मी वाचायला सुरुवात केली. पाच आणि अकरा एकच कसं, ते फोटो दाखवून सांगितलं. सभासद माना हलवत होते. माझा आवाजही काही कमी खणखणीत नव्हता.

मग खाणवाल्यांचा वकील उठला. समितीला दिलेल्या आमच्या नोंदवहीची प्रत त्याच्या हातात होती. नोंदवहीतलं काही खोडायचं नाही, दुरुस्ती खाली तारीख घालून करायची, हा आमचा दुसरा नियम. तो नवीने पाळला होता. म्हणजे मी लिहिलेलं वर जसंच्या तसं होतं.

"मंगळवारी ह्याच तीन फोटोंपुढे 'गवत' लिहिलंय," वकील म्हणाला. "एवढं स्वच्छ मांजर, आणि गवत? सही वाचता येत नाही. हे कोणी लिहिलं?"

डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली. मी कागदाकडे बघत राहिले. काहीही सांगता आलं असतं, नजरचूक, दमलेले डोळे, दोन हजार फोटो. शब्द तोंडाशी आले होते.

तेवढ्यात शेजारची खुर्ची सरकली. नवी उठत होती. फायली खाली ठेवून ती पदर सारखा करत होती, आणि तिचा चेहरा बघून मला कळलं की ती काय म्हणणार आहे. ती म्हणणार होती, मी लिहिलं.

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. माझ्या डोक्यात सणक गेली. माझं काम हिने घेतलं, माझे डॉक्टर घेतले, माझं वाक्य घेऊन वर मलाच परत दिलं. आता माझं पापसुद्धा ही घेऊन जाणार? आणि मी जन्मभर हिचे उपकार मानत त्या खोलीत बसायचं? ते काही मला सोसणार नव्हतं.

मी तिचं मनगट धरलं आणि तिला खाली बसवलं. जरा जोरातच.

"सही माझी आहे," मी म्हणाले. "गवत मी लिहिलं. मांजर मला दिसलं होतं. माझी चूक उघडी पडू नये म्हणून मी ते लपवलं. शोधलं ते हिने, रिकाम्यांतून."

वकील बसला, कारण त्याला विचारायचं होतं ते सगळं मी सांगून टाकलं होतं. अध्यक्षबाईंनी पेन उचललं आणि विचारलं, मग आकडा काय धरायचा? मी म्हटलं, दहा, आणि त्या दहांची नोंदवही खोडाखोड न करता तुमच्यासमोर आहे, माझ्या गवतासकट. त्यांनी दहा लिहून घेतलं.

मी डॉक्टरांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. ते नवीकडे बघत होते, त्या जुन्या नजरेने, आणि टपली मारण्याएवढे जवळ असते तर त्यांनी नक्की मारली असती. माझ्या पोटात पुन्हा दुखायला लागलं, अगदी पहिल्या दिवसासारखं. मी तिचं मनगट सोडलं, तिथे माझ्या बोटांचे चार लाल वळ उठले होते. मग घोटभर पाणी प्यायले आणि एक नंबरच्या मांजरापासून पुढे वाचायला लागले.