शकुनाची नोट

"खिशात एक नोट न्हाय? जनावर इकायला बसलायस का अंघोळीला निघालायस?"

डिनी कॉली अंगणातल्या चिखलात घोट्यापर्यंत रुतून उभा होता. वरनं आयर्लंडातल्या लेट्रिमचा पाऊस झोडपत होता. कालवडीचा सौदा पंधराशे युरोला ठरला होता, हातावर थुंकून हातही मिळवला होता. फोनवर आकडा भरून डिनीनं अंगठा नुसता वर धरला होता. आता रितीप्रमाणं विकणाऱ्या मॅलकी गिलरेननं शकुनाची विसाची नोट घेणाऱ्याच्या हातावर ठेवायची आणि डिनीनं अंगठा दाबायचा, एवढंच उरलं होतं.

मॅलकीनं कोटाचे चारी खिसे उलटे केले. वसंतातच त्याच्या बायकोनं, फिलोमिनानं, घरातली नोट न् नोट गोळा करून शहरातल्या बँकेत भरली होती.

"वीस फोनवरनं धाडतो की," मॅलकी म्हणाला.

"शकुन तारंतनं येतोय व्हय? उद्या ती गाभडली तर बँकेला इचारू? नोट आन, न्हायतर र्‍हाऊ दे तुझी कालवड."

फिलोमिना दारातनं ओरडली, "घरात नोटा ठेवून उंदरास्नी चारायच्या व्हत्या का?"

मॅलकी ट्रॅक्टरवर चढला. रानात पाणी साचलेलं, वैरण निम्म्या हिवाळ्यालाही पुरणार नव्हती. मागच्या पायानं जरा लंगडणाऱ्या कालवडीला एवढा भाव देणारा दुसरा कोण येणार होता?

गावातल्या दुकानात पोरीनं गल्ला उघडून दाखवला. त्यात चॉकलेटं होती. दारूच्या गुत्त्यात मालक म्हणाला, "नोटा घेऊन करू काय? शहरात भरायला न्यायची तर पेट्रोल जातंय." गावची बँक कधीच बंद झाली होती, त्या जागी आता कुत्र्यांचे केस कापत.

चर्चमध्ये दानाच्या थाळीच्या जागी यंत्र बसवलेलं. पाद्रीबाबांनी कार्ड टेकवायची जागा दाखवली.

"बाबा, मला द्यायचं न्हाय, घ्यायचंय."

पाद्रीबाबांनी इकडंतिकडं बघितलं. "प्रंटीच्या घरी जा. मी धाडलं म्हणून सांगू नकोस."

प्रंटीसाहेब म्हणजे त्याच बंद झालेल्या बँकेचे जुने मॅनेजर. उभी हयात त्यांनी गावाला गादीखालचा पैसा बँकेत आणायला लावला होता. मॅलकीची अडचण ऐकून त्यांनी पडदा ओढला आणि कपाटावरनं बिस्किटांचा डबा उतरवला. डबा नोटांनी गच्च.

मॅलकी बघतच राहिला. "साहेब, घरात पैसा ठेवणारा अडाणी, आसं तुमीच म्हनायचा."

"तेव्हा मी नोकरीत होतो," प्रंटीसाहेब म्हणाले. "विसाची नोट मिळेल. वर दोन युरो सेवेचे."

"बावीस फोनवरनं धाडू?"

साहेबांना शिवी ऐकल्यासारखं झालं. "फोनवरनं? म्हणजे बँकेतनं? नको रे बाबा, तिथं काय भरवसा!"

शेवटी दोन पोती पीटवर, म्हणजे जळणाच्या वाळल्या दलदलीच्या मातीवर, तोड निघाली.

मॅलकी परतला तेव्हा डिनी अजून पावसातच होता. फिलोमिनानं दिलेला चहासुद्धा त्यानं बाहेर उभ्यानंच प्याला होता. त्यानं नोट उजेडाला धरली, शकुनाला तिच्यावर थुंकला, खिशात घातली आणि अंगठा दाबला. पंधराशे युरो आले. लंगडी कालवड गाडीत चढली. मॅलकीला वाटलं, सुटलो.

पण बातमी गावभर झाली. हिवाळा सरेपर्यंत जनावर विकणारे, घोड्यावर पैसे लावणारे, नातवाच्या मुठीत नोट दाबू बघणाऱ्या म्हाताऱ्या, सगळे प्रंटीसाहेबांच्या दारी उभे राहू लागले. कुणी पीट आणी, कुणी अंडी. साहेबांनी दाराला वेळ लिहिली, आत जायची एक वाट, बाहेर यायची दुसरी केली.

एके दुपारी फिलोमिनाही बदक बगलेत मारून त्या रांगेत लागली. तिचा नंबर आला तसं दार लागलं. खिडकीतनं साहेब सावकाश सँडविच खाताना दिसत होते.

"मेल्याला बँकेतल्यागत अजून जेवायची सुट्टी लागतीया!" फिलोमिना म्हणाली. आणि बदकाला कोटात घेऊन तिथंच पायरीवर बसली.